डॉक्टरांच्या फटफटीची टाकी

दुसऱ्याचं कौतुक ऐकलं की माझ्या पोटात दुखतं. हा आजार लहानपणापासूनचा आहे आणि म्हातारपणीही तो काही मला सोडून गेलेला नाही. शेजाऱ्याच्या नागलीला माझ्यापेक्षा टपोरी कणसं आली, तरी मला दोन दिवस जेवण गोड लागत नाही. बायको म्हणायची, तुमच्या मनात कोणी चूल पेटवून ठेवलीय कोण जाणे. तिला मी सगळं सांगायचो, पण डॉक्टरांच्या फटफटीच्या टाकीची गोष्ट पूर्ण कधी सांगितली नाही. टाकी दुरुस्त झाली एवढंच तिला माहीत होतं.

तेव्हा जव्हारला राजे होते, संस्थानाचा मोटारखाना होता आणि त्या मोटारखान्यात मी मिस्त्री होतो. साखरशेतच्या भाताच्या खाचरातून उठून मुंबईला गेलो होतो. तिथल्या एका गॅरेजात दोन वर्षं साहेबांच्या मोटारींखाली पाठ घासून परत आलो, तो आमच्या भागातला पहिलाच मिस्त्री होऊन. गावी गेलो की लोक बसायला घोंगडी टाकत. म्हातारी माणसंसुद्धा मला नावानं हाक मारायची नाहीत, ‘मिस्त्री’ म्हणायची. हा शब्द कानावर पडला की माझी छाती दोन बोटं वर यायची, खोटं कशाला बोलू.

फटफटी होती दवाखान्याच्या डॉक्टरांची. पहिल्या महायुद्धात गोऱ्या शिपायांनी पिदडलेली आणि मग कुठून कुठून फिरत जव्हारला येऊन पोचलेली. तिची टाकी चपटी, लांबट, सांगाड्याच्या दोन नळ्यांच्या मध्ये दोन लोखंडी पट्ट्यांनी आवळून बसवलेली. डॉक्टर आठवड्यातून एकदा तिच्यावरून मोखाड्याच्या रोग्यांना तपासायला जायचे. रस्ता असा की बैलगाडीचीही हाडं खिळखिळी व्हावीत. तरी ती म्हातारी फटफटी जायची आणि यायची, कारण तिला मी सांभाळत होतो.

डॉक्टर माणूस मोठा, पण गप्पिष्ट. संध्याकाळी मोटारखान्यात येऊन ते पेट्रोलच्या पालथ्या डब्यावर बसायचे, माझ्याबरोबर चहा प्यायचे. मोटारखान्यात आणखी चार माणसं होती, पण डॉक्टर बोलायचे ते माझ्याशी. मी त्यांना मुंबईच्या गॅरेजातल्या गोष्टी तिखटमीठ लावून सांगायचो. एकदा त्यांच्या ओसरीवर मी टाकी फुटल्याची गोष्ट सांगितली होती. आमच्या गॅरेजातल्या एका कारागिरानं रिकाम्या टाकीचं भोक बुजवायला कथलाची झाळ लावायला घेतली. पेट्रोल सगळं ओतून टाकलं होतं, टाकी धुतलीही होती. पण पेट्रोल गेलं तरी त्याची वाफ आत राहते, आणि ती पेट्रोलपेक्षा वाईट. तापलेलं तांबं टेकलं मात्र, टाकी तोफेसारखी उडाली आणि त्या माणसाचा उजवा हात गेला. ‘म्हणून टाकीत काठोकाठ पाणी भरायचं,’ मी डॉक्टरांना ऐटीत सांगितलं, ‘वाफेला जागाच ठेवायची नाही, आणि मग आग दाखवायची. हे गुपित गॅरेजाबाहेर फारसं कोणाला ठाऊक नाही.’ डॉक्टर डोळे विस्फारून ऐकत होते. ओसरीच्या पायरीवर एक माणूस त्यांची गॅसबत्ती दुरुस्त करत बसला होता. त्याच्याकडे तेव्हा मी लक्षही दिलं नाही.

तो माणूस सूर्यमाळेच्या एका पाड्यावरचा होता. मोखाड्याच्या बोहाड्यात देवांची आणि राक्षसांची सोंगं निघतात, त्यांचे मुखवटे तो करायचा आणि फुटलेले सांधायचा. एरवी बाजाराच्या दिवशी मोखाड्याला बसून गळकी भांडी आणि कंदील झाळून द्यायचा. हाताला मोठं गळू झालं म्हणून डॉक्टरांकडे आला, डॉक्टरांनी ते फोडलं, आणि तेव्हापासून तो त्यांच्या घरी येऊ-जाऊ लागला. गॅसबत्ती केली, मग खुर्चीचा पाय बसवला, मग डॉक्टरीणबाईंचा तांब्याचा बंब. येताना कधी करवंदं, कधी मध घेऊन यायचा. बडबड्या होता, तंबाखू खायचा आणि स्वतःच्याच बोलण्यावर मोठ्यानं हसायचा.

हळूहळू डॉक्टरांचं मोटारखान्यात येणं कमी झालं. एका संध्याकाळी चहा करून मी वाट बघत बसलो आणि शेवटी दोन्ही पेले मीच प्यालो. दुसऱ्या दिवशी मुद्दाम त्यांच्या घरावरून गेलो, तर हे दोघं ओसरीवर मुखवटा मध्ये ठेवून बसलेले. डॉक्टर त्याला म्हणत होते, ‘तू हे शिकलास कोणाकडे रे?’ मला ते ‘तुम्ही’ म्हणायचे. आतापर्यंत मला तो मान वाटत होता. त्या दिवशी वाटलं, ‘तुम्ही’ परक्याला म्हणतात, घरच्या माणसाला ‘तू’. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एका मुखवटेवाल्यावरून बायकोवर डाफरलो, भाकरी जाड झाली म्हणून.

अशातच फटफटीची टाकी गळायला लागली.

तळाच्या तोटीपाशी थेंब दिसायचा. मी तोटी काढली, साफ केली, भोवती झाळ दिली. तळाला शेरभर पेट्रोल ओतून बघितलं, कोरडीठाक. डॉक्टर टाकी भरून मोखाड्याला निघाले आणि घाटापर्यंत पोचेस्तोवर त्यांच्या विजारीला पेट्रोलचा वास. मी पुन्हा झाळ दिली, पुन्हा शेरभर ओतलं, पुन्हा कोरडी. टाकी भरली की पुन्हा थेंब. असं तीनदा झालं. पेट्रोलचे डबे डहाणूकडून यायचे आणि आमच्याकडे ते तुपासारखे जपून वापरत. त्यामुळे थेंब दिसला रे दिसला की मी तोटीखाली डबा धरून टाकी रिकामी करायचो. ती आपली आपण गळत राहिली तर काय होतं, हे कोणी कधी बघितलंच नाही. संस्थानात पेट्रोल गळताना नुसतं बघत बसणारा माणूस दुसऱ्या दिवशी कामावर राहिला नसता.

तिसऱ्या वेळेनंतर मोटारखान्याचे कारभारी मला सगळ्यांसमोर म्हणाले, ‘बोहाड्याला मोखाड्यात जत्रा जमेल, डॉक्टर तिथं पाहिजेत. तोवर फटफटी झाली नाही तर ती नाशिकला पाठवू आणि तिथलाच एखादा चांगला मिस्त्री आणू. तुम्ही मोटारी धुवा.’ मोटारी धुणारा आणि मिस्त्री यांच्यात केवढं अंतर असतं ते ज्यानं घोंगडीचा मान घेतलाय त्यालाच कळेल. साखरशेतला कोणत्या तोंडानं गेलो असतो?

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर मोटारखान्यात आले. मला बरं वाटलं. मग त्यांच्यामागून तो आला, काखेत झाळायची अवजारं घेऊन.

‘मिस्त्री, राग मानू नका,’ डॉक्टर म्हणाले. ‘याचा हात झाळायला चांगला आहे. तुम्ही दोघं मिळून बघा.’

मी म्हटलं, ‘बघू दे की त्याला. माझी काही हरकत नाही.’ माझ्या आवाजात काय होतं ते डॉक्टरांसकट मोटारखान्यातल्या पाचही माणसांना कळलं. त्याला कळलं नाही, किंवा कळून त्यानं सोडून दिलं.

तो फटफटीभोवती एक फेरी मारून आला आणि तिच्या टाकीवर बैलाच्या पाठीवर मारावी तशी थाप मारली. ‘मिस्त्री, ही सगळी रिकामी होते, का मधीच थांबते?’

तेवढं बघायला मी कधी थांबलोच नव्हतो. ‘पेट्रोल काय गळू द्यायचं असतं?’ मी म्हटलं.

‘भरा पुरी,’ तो म्हणाला. ‘गळूं दे.’

मी ओरडलोच. पण डॉक्टरांनी टाकी भरायला लावली. त्यानं तोटीखाली परात ठेवली आणि दोघं समोर उकिडवे बसून थेंब बघू लागले. पाड्यावरच्या गप्पा चालल्या होत्या. डॉक्टर हसत होते. मी उगाच एका चाकाचे आरे पुसत उभा राहिलो, जे आधीच पुसलेले होते. बऱ्याच वेळानं थेंब मंद झाले आणि मग थांबले. त्यानं बोटाच्या पेरानं टाकी वरून खाली वाजवत नेली. वरचा आवाज पोकळ, मधोमध आला की भरीव.

‘अर्ध्यावर थांबली,’ तो म्हणाला. ‘मंग भोक खाली कसां असंल? खाली असता तं सगळी रिकामी व्हती. भोक वर हाय. तठून सांध्यानं वाहत येतां आन तोटीला टपकतां. आपला छपरा गळतो तसां. थाळी ठेवतो अठं, कौल फुटलेला असतो तठं.’

आमच्या भागातला प्रत्येक माणूस पावसाळ्यात चार महिने हेच करतो. ओल दिसते तिथं थाळी ठेवतो आणि फुटकं कौल शोधायला दोन हात लांब शिडी लावतो. मीही करत आलो होतो. पण फटफटी मुंबईची विद्या, तिला घराच्या छपराची अक्कल लावायची हे मला सुचलंच नाही. ते त्याला सुचलं, आणि डॉक्टर ‘वा!’ म्हणाले. मला त्यांनी असा ‘वा’ कधी म्हटल्याचं आठवेना.

मग त्यानं घरून आणलेलं तांदळाचं पीठ पाण्यात कालवलं. लग्नात बायका भिंतीवर चौक लिहितात तसलं, पातळसर. टाकी पुसून कोरडी करून त्यानं ते फडक्याच्या बोळ्यानं तिच्या दोन्ही अंगांना फासलं आणि उन्हात वाळू दिलं. काळी टाकी पांढरी झाली. पुन्हा पेट्रोल भरलं. थोड्याच वेळात डाव्या बाजूच्या पट्टीच्या कडेला, पांढऱ्यावर एक ओला डाग उठला आणि त्याची एक रेघ सांध्याला धरून खाली तोटीकडे निघाली. लहान पोरालाही बोटानं दाखवता आली असती अशी.

त्यानं पट्टी ढिली केली. पट्टी आणि टाकी यांच्यामध्ये चामड्याचा तुकडा असायला हवा, टाकी घासू नये म्हणून. चामडं नव्हतं. पत्र्याची एक घडी होती.

‘ही कोणी घातली?’ तो खो खो हसला. ‘पत्र्याला पत्रा. करवतच लावली की टाकीला!’

ती मी घातली होती. गेल्या पावसाळ्यात चामड्याला बुरशी येऊन ते कुजलं. जव्हारच्या पावसात चामडं काय टिकतं? म्हणून मी मोठ्या हुशारीनं पेट्रोलच्या डब्याचा पत्रा कापून, दुमडून, तिथं बसवला होता. हा कधी कुजणार नाही, असं डॉक्टरांना सांगितलंही होतं. दगडाधोंड्यांवर फटफटी आदळत गेली आणि पत्र्याच्या कडेनं टाकीचा सांधा कापत आणला. तीन वेळा तोटी झाळत बसलो, आणि भोक माझ्याच हातचं.

डॉक्टर हसले. वाईट बुद्धीनं नव्हे, त्या घडीचं हसूच येण्यासारखं होतं. पण ते त्याच्याबरोबर हसले आणि माझ्याकडे बघून हसले. बाकीचे चौघंही हसले. मला वाटलं, हा माणूस आता उठावा आणि सूर्यमाळेच्या कड्यावरून खाली जावा.

‘टाकी धुऊन आणतो,’ म्हणून त्यानं पेट्रोल डब्यात उतरवलं आणि टाकी खांद्यावर टाकून तो विहिरीकडे गेला. मी मोटारखान्याच्या आत जाऊन अंधारात उभा राहिलो. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते रागाचं होतं. बाहेरून पाण्याचा, विटा सरकवल्याचा, भात्याचा आवाज येत होता. मी बाहेर आलो तेव्हा टाकी आंब्याखाली विटांवर आडवी ठेवलेली, डावी बाजू वर, तोंडाला लाकडाची खुंटी आणि चिंधी ठोकलेली. शेगडीत तांब्याचा ठोकळा तापून लाल झाला होता. शेजारी कथील, नवसागर. डॉक्टर खुर्ची ओढून तीन हातांवर बसले होते.

टाकी धुऊन आणली आणि तोंडाला खुंटी मारली. वाफ आत कोंडलेली. मुंबईच्या त्या कारागिरानंही टाकी धुतलीच होती. त्याचा हात गॅरेजाच्या फरशीवर पडलेला मी बघितला होता, बोटं अजून अर्धवट वळलेली. इथली खुंटी बघून ते सगळं डोळ्यांसमोर आलं.

त्यानं ठोकळा शेगडीतून उचलला, नवसागरावर घासला. पांढरा धूर उठला. मग तो थांबला आणि मान वर करून सरळ माझ्याकडे बघत म्हणाला, ‘मिस्त्री, लावूं का? तुमी मुंबईला शिकलेले. काय चुकत असंल तं आताच सांगा.’

मला एकच वाक्य बोलायचं होतं. ‘पाणी भर.’ दोन शब्द. ते जिभेवर होते, मला त्यांची चव लागत होती. आणि मी बोललो नाही. मनात आलं, आता कळू दे डॉक्टरांना मिस्त्री कोण ते. मी तोंड मिटलं आणि माझ्या नकळत दोन पावलं मागे सरकलो, आंब्याच्या खोडाआड. नकळत म्हणतो खरं, पण पाय माझेच होते. डॉक्टर तीन हातांवर बसलेत हेही मला दिसत होतं. तरी मी एकटाच मागे सरकलो.

त्यानं मान हलवली आणि तांबं टाकीला टेकवलं.

चर्र झालं. कथील पाण्यासारखं पसरलं, सांध्यात उतरलं आणि चांदीसारखं चमकून थिजलं. दुसरं काहीच झालं नाही. त्यानं दोनदा, तीनदा फिरवलं, ओल्या चिंधीनं पुसलं, मग टाकी उचलून तिची खुंटी उपटली आणि भळाभळा पाणी ओतून दिलं. बादलीभर पाणी मातीत गेलं. त्यानं ती काठोकाठ भरून आणली होती, फक्त भोकाच्या जागी, कथील ओल्यावर धरत नाही म्हणून, बोटभर रिती ठेवून.

खोडाला हात टेकून मी विचारलं, ‘तुला कोणी सांगितलं पाणी भरायला?’

तो चकित झाला. ‘कोणी म्हणजे? तुमीच. डॉक्टरसायबाच्या ओसरीवर. त्या हात तुटलेल्या गड्याची गोष्ट सांगली व्हती ना तुमी? मी पायरीवर बत्ती करत व्हतो.’ मग डॉक्टरांकडे वळून म्हणाला, ‘तरी भ्यां वाटत व्हतां. म्हणून इचारलां मिस्त्रीला. काय चुकला असता तं ते बोलले असते. वर बाजूला पण झाले, माझा उजेड अडत व्हता ना.’

डॉक्टर उठून माझ्यापाशी आले. ‘मिस्त्री, तुमच्या गोष्टीनं आज आम्हा दोघांना वाचवलं,’ ते म्हणाले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. इतके दिवस ज्या हातासाठी मी तळमळत होतो तो हात खांद्यावर होता, आणि तो कधी एकदा काढतील असं मला झालं होतं. कारभाऱ्यांना त्यांनीच सांगितलं, मिस्त्रींच्या सांगण्यानुसार काम झालं. नाशिकचा मिस्त्री आला नाही. मी मिस्त्रीच राहिलो. नवं चामडं मी स्वतः कापून, तेल पाजून पट्टीखाली घातलं.

बोहाड्याच्या दिवशी डॉक्टर मला फटफटीवर मागे बसवून मोखाड्याला घेऊन गेले. टाकी काठोकाठ भरलेली होती आणि थेंब नव्हता. दुपारी डॉक्टर रोग्यांत गुंतले, आणि तो मला हाताला धरून मुखवटे ठेवले होते त्या अंगणात घेऊन गेला. उन्हात रांगेनं देव आणि राक्षस वाळत घातलेले. तिथल्या म्हाताऱ्यांना त्यानं सांगितलं, ‘मुंबईची विद्या याहीं शिकवली मला, नायतं माझा हात गेला असता.’ एका म्हाताऱ्यानं घोंगडी आणून टाकली. मी तिच्यावर बसलो.

त्यानं एक राक्षसाचा मुखवटा मांडीवर घेतला. तोंडात नवे दात बसवले होते, पत्र्याचे, चकचकीत. मी ते ओळखले. माझ्या घडीचे कापून केलेले. ‘वाया नाय घालवली तुमची घडी,’ तो हसून म्हणाला आणि दातांच्या कडेला लाल रंगाचा बोळा न्यायच्या आधी थांबला. मान वर करून, अगदी तसाच माझ्याकडे बघत म्हणाला, ‘लावूं का? काय चुकत असंल तं सांगा.’

आता सांगावं, असं मला खरंच वाटलं. त्या दिवशी मला पाणी दिसलं नव्हतं, टाकी रिकामी आहे असं समजूनही मी गप्प बसलो, हे त्याला सांगायचं होतं. म्हातारे बघत होते. घोंगडी मऊ होती. मी तोंड उघडलं आणि मिटलं.

‘मिस्त्री बोलत नाय म्हणजे बरोबर हाय,’ तो म्हाताऱ्यांना म्हणाला आणि रंग लावू लागला.